किनाऱ्यावरून काढलेले सर्फिंगचे फोटो सॉफ्ट येतात? लेन्स बदलण्याआधी हे तपासा

तक्रार ठरलेली असते. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो झकास दिसतो. घरी येऊन मोठा करून पाहावा तर सर्फरच्या चेहऱ्याचा लगदा झालेला आणि बोर्डच्या कडा विरघळलेल्या. शटर १/२००० सेकंद होतं, ऊन रग्गड होतं, तरीही असं. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘४०० मिमीच्या लेन्सने भागत नाही, ६०० ची घे.’ पैसे जातात, ६०० येते आणि फोटो तितकेच सॉफ्ट येत राहतात. फरक इतकाच की आता सर्फर जरा मोठा दिसतो.

खर्च करण्याआधी एक काम फुकटात होतं, ते म्हणजे बिघडलेला फोटो नीट बघणं. फोटो सॉफ्ट येण्याची चार-पाच वेगवेगळी कारणं आहेत आणि त्यातलं प्रत्येक कारण फोटोत आपली खूण सोडतं. शंभर टक्के मोठा करा आणि सर्फरकडे बघण्याआधी त्याच्या पुढचं-मागचं पाणी बघा. कुठला तरी पट्टा कडक शार्प आहे आणि सर्फर मात्र त्यात नाही, तर फोकस चुकला. सर्फर, पाणी, क्षितिज सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतंय, तर कॅमेरा हलला. पाणी ठीक आणि सर्फरच तेवढा ओढलेला, तर शटर कमी पडलं. कडा जागच्या जागी आहेत पण सगळ्यावर दुधट पडदा आहे, तर काच बघा. आणि फोटोत कुठेच काही शार्प नाही, ओढही नाही, क्षितिजाची रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसतेय, तर दोष हवेचा आहे.

शेवटच्या कारणाची खात्री करायची तर एका लाटेवरचे सलग आठ-दहा फोटो भराभर पुढेमागे करून बघा. हवेचा दोष असेल तर क्षितिज प्रत्येक फोटोत वेगळ्या ठिकाणी वाकलेलं दिसेल. एखाद्या फोटोत सर्फरचं डोकं शार्प आणि पाय सॉफ्ट, पुढच्यात नेमकं उलट. लेन्स किंवा फोकस असा खेळ करत नाही.

गरम हवा: सगळ्यात जास्त फोटो हीच खाते

भर दुपारी तापलेल्या वाळूवरची हवा गरम असते आणि समुद्रावरून येणारी हवा गार. दोन्हींची घनता वेगळी, त्यामुळे त्यांतून जाणारा प्रकाश थोडा थोडा वाकतो, आणि हवा सतत ढवळत असल्यामुळे हे वाकणंही क्षणाक्षणाला बदलतं. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर लांब पाणी साचल्यासारखं चकाकतं, ती याचीच भावंडं. साध्या डोळ्यांना किनाऱ्यावर हे जाणवतही नाही, पण लांब लेन्स जितका सर्फर मोठा करते तितकाच हा थरथराटही मोठा करते.

इथे नेहमीचे उपाय चालत नाहीत, हे आधी मान्य करावं लागतं. शटर १/८००० केलं तरी वाकडं झालेलं चित्रच गोठतं. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान करून एफ/५.६ चं एफ/११ केलं तरी फरक नाही. महागडी लेन्स लावली तर तो थरथराट आणखी तपशिलात टिपला जाईल, एवढंच. सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंग वाढवलं तर त्या करवती कडा आणखी ठसठशीत होतात. टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसून चित्र मोठं करणारी काच, तर अशा वेळी बॅगेतच राहू द्या. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), २ पटीचा दोन स्टॉप, आणि बदल्यात मिळतं काय, तर तीच खराब हवा मोठी करून.

बसल्या जागी तपासायचं असेल तर लाइव्ह व्ह्यू लावा, दहापट झूम करा आणि लांबचा एखादा बोया, होडीची डोलकाठी किंवा क्षितिज बघा. ते उकळत्या पाण्यासारखं खदखदत असेल तर पुढचा तासभर चेहऱ्याचे भाव टिपायचा नाद सोडलेला बरा.

उपाय जागेचा आणि वेळेचा आहे. कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात ढवळणारी हवा सगळ्यात जास्त नुकसान करते. म्हणून सावलीसाठी किनाऱ्याच्या मागच्या अंगाला, कोरड्या वाळूच्या रुंद पट्ट्यापलीकडे मांडलेला ट्रायपॉड ही सर्वांत वाईट जागा. बसून, वाळूलगत लेन्स धरली तर आणखी वाईट. पुढे ओल्या वाळूवर जा. ओली वाळू कमी तापते, आणि गरम पट्टा तुमच्या पाठीमागे जातो. शिवाय एक हिशेब बघा. सर्फर १५० मीटरवर आहे आणि तुम्ही ४० मीटर पुढे चालत गेलात, तर ४०० मिमीची लेन्स मागच्या जागेवरच्या साधारण ५४५ मिमीइतकं काम करते. एवढी वाढ कुठलाही कन्व्हर्टर शार्पनेस न खाता देत नाही. फक्त भरती चढती आहे की उतरती ते बघून बॅग वरच ठेवा, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तरी अधूनमधून पायाखालच्या पाण्याकडे लक्ष असू द्या.

डांबरी पार्किंग, काँक्रीटचा कठडा, उभ्या गाड्यांची टपं यांच्यावरून फोटो काढू नका. ही सगळी दुपारी तव्यासारखी तापलेली असतात. एसी लावलेल्या गाडीच्या उघड्या खिडकीतून काढणं तर सरळ हवेच्या दोन थरांच्या वादात लेन्स घालणं. आणि तापलेल्या डिकीतून काढलेली लेन्स लगेच वापरली तर तिच्या हूडमधली हवासुद्धा गरम असते. तिला बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. उलटी गडबडही होते: एसी खोलीतून थेट दमट किनाऱ्यावर आलात की काचेवर बाष्प धरतं. खोलीतच कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला आणि किनाऱ्यावर वीस-तीस मिनिटांनी पिशवी उघडा, म्हणजे बाष्प पिशवीवर धरेल, काचेवर नाही.

वेळेचं म्हणाल तर सूर्योदयानंतरचे पहिले दोन-तीन तास. रात्रभर वाळू निवलेली असते आणि बहुतेक ठिकाणी मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा, अजून टिकून असतो. हा वारा लाटेला समोरून अडवतो, त्यामुळे लाटेची भिंत उभी आणि गुळगुळीत राहते आणि माथ्यावरून तुषार मागे उडतात. दिवस चढला, जमीन तापली की खारे वारे सुरू होतात आणि तीच लाट विस्कटते. म्हणजे सकाळी हवाही चांगली आणि लाटही. लवकर उठण्याला पर्याय शोधण्यात मी कुणाचाच वेळ घालवणार नाही.

दुधट पडदा: काचेवरचं मीठ

समुद्राकडून वारा असला की अर्ध्या-एक तासात लेन्सच्या पुढच्या काचेवर खाऱ्या तुषारांचा पातळ थर बसतो. समोरून पाहिलं तर दिसत नाही. लेन्स तिरकी धरून उजेडात पाहिली की चिकट धुरकट चमक दिसते. फोटोत याचा परिणाम म्हणजे सर्फरचा काळा वेटसूट (अंगाला चिकटणारा रबरी पोशाख) करडा दिसतो, फेसाभोवती वलय येतं, आणि सूर्य समोर असेल तर सगळा फोटो धुतल्यासारखा.

इथे लोक घाईने टी-शर्टचं टोक काढतात. नका करू. वाळलेल्या मिठाचे खडे आणि वाळूचे बारीक कण कोरड्या कापडाखाली काचेवर घासले जातात. आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या मायक्रोफायबरने मीठ विरघळवून टिपा, शेवटी दुसऱ्या कोरड्या कापडाने हलक्या हाताने पुसा. पाणी कापडावर घ्यायचं, थेट काचेवर नाही.

पुढे यूव्ही फिल्टर असेल तर तो काढूनही एकदा बघा. मीठ-वाळूपासून संरक्षण म्हणून फिल्टर लावणं समजू शकतो, पण स्वस्त काच लांब लेन्सवर स्पष्ट नुकसान करते. हवेमुळे आलेल्या सॉफ्टपणासारखंच ते दिसतं, फक्त प्रत्येक फोटोत सारखं.

शटर किती लागतं

सर्फर सेकंदाला आठ मीटर वेगाने आडवा जातोय असं धरा, म्हणजे ताशी २९ किलोमीटरच्या आसपास. २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम कॅमेरा, ४०० मिमी, अंतर १५० मीटर. अशा वेळी एक पिक्सेल सर्फरच्या जागी सव्वादोन मिलिमीटर व्यापतो. कॅमेरा स्थिर असेल तर १/५०० सेकंदात सर्फर १६ मिलिमीटर सरकतो, म्हणजे सात पिक्सेलची ओढ. १/१००० ला साडेतीन. १/२००० ला दोनापेक्षा कमी. तुम्ही कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवत असाल तर ओढ आणखी घटते, पण हात, बोर्डचं टोक आणि उडणारं पाणी यांचा वेग सर्फरपेक्षा वेगळा असतो, म्हणून १/१२५० ते १/२००० हा पट्टा मी सोडत नाही. त्याच्या वर जाऊन फारसं काही हाती लागत नाही, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, मात्र चढतो.

एवढा प्रकाश असतो का? स्वच्छ उन्हात जुना ठोकताळा असा: एफ/१६ ला शटर आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ ४०० ला एफ/१६ आणि १/४००, म्हणजेच एफ/८ आणि १/१६००. पांढरा फेस आणि चकाकती वाळू असेल तर आणखी एक स्टॉप कमी लागतो. तेव्हा भर उन्हात आयएसओ २०० ते ४०० पुरतं. ढग आले किंवा पहाट असली तर आयएसओ बिनधास्त ८००-१६०० करा. नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) नंतर निघतो, हललेला चेहरा सरळ होत नाही.

स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचं कंपन आवरणारी सोय, हातात धरून काढताना चालू ठेवा, पण आडवं फिरवण्यासाठीचा मोड असेल तर तो निवडा. नाहीतर तुम्ही डावीकडे फिरवताय आणि लेन्स तुम्हाला धरून ठेवतेय अशी रस्सीखेच होते. ट्रायपॉडवर जुन्या लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंदच बरं. माझं मत विचाराल तर वाळूत ट्रायपॉडपेक्षा मोनोपॉड उत्तम. लेन्सचा भार पेलतो, सर्फरबरोबर मोकळा फिरतो आणि पाणी आलं की उचलून पळता येतं.

लाट शार्प, सर्फर सॉफ्ट

फोकसच्या बाबतीत एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. १५० मीटरवर, ४०० मिमी आणि एफ/८ ला साधारण १२० ते १९० मीटरपर्यंतचं सगळं प्रिंटमध्ये शार्प दिसतं. अगदी काटेकोर, पिक्सेल मोजून निकष लावला तरी २५ मीटरच्या आसपासचा पट्टा शार्प मिळतो. म्हणजे फोकस चारदोन मीटर पुढेमागे झाल्याने सर्फर सॉफ्ट होत नाही. तो सॉफ्ट होतो तेव्हा फोकस पार कुठेतरी भलतीकडे गेलेला असतो: किनाऱ्याजवळ फुटणाऱ्या लाटेच्या फेसावर, मध्येच आडव्या आलेल्या पोहणाऱ्यावर किंवा मागच्या क्षितिजावर.

पांढरा फेस ऑटोफोकसला भारी आवडतो. कडक कॉन्ट्रास्ट, मोठं क्षेत्र, आणि सर्फरपेक्षा जवळ. त्यामुळे संपूर्ण फ्रेमवर फोकस पॉइंट मोकळे सोडले की कॅमेरा फेसाकडे धावतो. सतत फोकसचा मोड लावा (कॅननमध्ये सर्व्हो, निकॉन आणि सोनीत एएफ-सी), आणि पॉइंट मध्यभागाचा छोटा गट किंवा छोटा झोन ठेवा. एकच बिंदू ठेवला तर तो सर्फरवरून सारखा निसटतो, सगळी फ्रेम ठेवली तर फेस जिंकतो.

नंतर मेन्यूत जाऊन ट्रॅकिंगची संवेदनशीलता शोधा. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं आहे, पण अर्थ एकच: मध्ये काही आडवं आलं तर कॅमेऱ्याने जुनं लक्ष्य किती वेळ धरून ठेवायचं. सर्फिंगसाठी ते ‘धरून ठेव’ या टोकाकडे न्या. लाट सर्फरला क्षणभर झाकते, तुषारांचा पडदा येतो, आणि आतुर कॅमेरा तेवढ्यात पाण्यावर उडी मारतो. धीराचा कॅमेरा सर्फर बाहेर येईपर्यंत थांबतो. लेन्सवर फोकस लिमिटरचं बटण असेल तर जवळचं अंतर वगळा. एकदा चुकलेला फोकस निदान तुमच्या पायापासून शोध सुरू करणार नाही.

माणूस ओळखणारं ऑटोफोकस असलेल्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांनी काम खूप सोपं केलंय, पण बोर्डवर पालथा पडून हात मारणारा सर्फर त्यांना बऱ्याचदा माणूस वाटतच नाही. तो उभा राहिला की ओळखतात, आणि तोवर लाटेचा पहिला, मोलाचा सेकंद गेलेला असतो. म्हणून तो हात मारायला लागला तेव्हाच छोटा झोन त्याच्यावर ठेवून फोकस चालू करा. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर देणं इथे फार उपयोगी पडतं. अंगठ्याने धरून ठेवायचं, आणि सर्फर फेसाआड गेला की अंगठा उचलायचा. शार्प पट्टा २५ मीटरचा आहे, एक-दोन सेकंद फोकस जिथे आहे तिथेच राहिला तर काही बिघडत नाही.

एकाच लाटेवर एक फोटो काळा, दुसरा पांढराफट

ऑटो मोडमध्ये हे होणारच. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोर दिसेल त्याचा सरासरी करडा रंग करायला बघतो. लाटेची गडद भिंत आणि काळा वेटसूट फ्रेममध्ये आला की तो एक्स्पोजर वाढवतो आणि फेस जळतो, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा उरतो. पुढच्या क्षणी लाट फुटते, फ्रेम पांढऱ्या फेसाने भरते, तो एक्स्पोजर उतरवतो आणि सर्फर काळाठिक्कर. प्रकाश मात्र तसूभरही बदललेला नसतो.

प्रकाश बदलत नाही तर एक्स्पोजर कशाला बदलायचं? मॅन्युअल लावा आणि ऑटो आयएसओ बंद करा. हे दुसरं विसरलं तर मॅन्युअलला काही अर्थ राहत नाही. उन्हातल्या पांढऱ्या फेसाचा एक फोटो काढा, हायलाइट वॉर्निंग (जळलेला भाग पडद्यावर लुकलुकवणारी सूचना) चालू ठेवा, आणि फेसात लुकलुकणारे डाग जेमतेम दिसेनासे होतील इथवर आणा. तिथेच थांबा. फोटो अंधारलेला वाटेल, वाटू द्या. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) सावलीतला चेहरा बराच वर काढता येतो, जळलेल्या फेसात मात्र परत आणायला काही उरलेलंच नसतं. ढग आल्या-गेल्यावर तेवढं पुन्हा तपासा.

पोलरायझर फिल्टर लावू का, असं हमखास विचारलं जातं. पाण्याची चमक कमी होऊन लाटेचा हिरवा रंग खुलतो हे खरं, पण एक-दीड स्टॉप जातो, आणि आकाशावर त्याचा परिणाम सूर्यापासून काटकोनात सर्वांत जास्त असल्यामुळे सर्फरबरोबर कॅमेरा फिरवला की तो कमीजास्त होत राहतो. मी लावत नाही.

शार्प आहे, पण बेजान

ही तक्रार दुसऱ्या पायरीवरची. तांत्रिक सगळं जमलं, तरी फोटोत सर्फरची पाठ आणि मागे एक सपाट लाट. इथे बिघाड कॅमेऱ्यात नाही, तुम्ही उभे कुठे आहात त्यात आहे.

सर्फिंगमध्ये डावा पाय पुढे ठेवणारा रेग्युलर आणि उजवा पुढे ठेवणारा गूफी. लाट उजवी की डावी हे किनाऱ्याकडे तोंड केलेल्या सर्फरच्या बाजूने ठरतं, त्यामुळे त्याची ‘राइट’ किनाऱ्यावरून बघणाऱ्याला डावीकडे जाते. राइट लाटेवरच्या रेग्युलर सर्फरची छाती लाटेकडे आणि पाठ तुमच्याकडे असते. गूफी असेल तर उलटं, पाठ लाटेकडे आणि तोंड किनाऱ्याकडे. म्हणजे एकाच जागी उभं राहून एका सर्फरचे चेहरे आणि दुसऱ्याच्या नुसत्या पाठी मिळणं हा योगायोग नसतो.

पाठ दाखवणाऱ्या सर्फरचा चेहरा हवा असेल तर लाट जिथे फुटायला लागते तिच्या समोर उभे राहू नका. तो ज्या दिशेला जातोय तिकडे, पन्नास-शंभर मीटर सरकून उभे राहा. मग तो तिरका तुमच्याकडे येतो, नजर पुढे असल्यामुळे चेहरा दिसतो, आणि त्याच्यामागे लाटेचा माथा वळताना मिळतो. लाटेची नळी झाली तर तिच्या आत डोकावायची जागाही हीच. दुसरा मार्ग म्हणजे तो वरून परत वळतो त्या क्षणाची वाट बघणं. तेव्हा त्याची छाती आपोआप किनाऱ्याकडे येते.

उंचीचंही गणित आहे. खाली बसून काढलं की लाट अजस्र दिसते, म्हणून सगळे गुडघ्यावर बसतात. पण समजा पाण्याच्या कडेला तुमचा डोळा समुद्रसपाटीपासून ८० सेंटीमीटरवर आहे आणि ३० मीटरवर एक मीटर उंचीची छोटी लाट फुटतेय. त्या लाटेवरून जाणारी तुमची नजर १५० मीटरवर पोहोचेपर्यंत १.८ मीटर उंच गेलेली असते, म्हणजे त्याखालचं सगळं झाकलं. बोर्ड गायब, पाय गायब, फेसातून वर आलेलं एक धड. उभे राहा किंवा किनाऱ्याच्या चढावर दोन पावलं मागे जा, प्रश्न सुटतो. फार उंचावरून मात्र लाट सपाट होते. अपवाद महाकाय लाटांचा: पोर्तुगालच्या नाझारेला कड्यावरच्या किल्ल्यातून, दीपगृहाजवळून फोटो काढतात आणि तिथे उंचीमुळे लाट छोटी होण्याची भीती नाही. उलट लांब लेन्सने किल्ला, माणसं आणि लाट एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात आणि लाटेचा आकार अंगावर येतो.

प्रकाशाची दिशा किनारा कुठे तोंड करून आहे त्यावर ठरते. पश्चिमेकडे समुद्र असलेल्या किनाऱ्यावर सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी, वाळू गार, वारा मतलई. तिन्ही गोष्टी एकत्र येतात. पूर्वेकडे समुद्र असेल तर सकाळी सूर्य समोर. तेव्हा चेहऱ्यांचा हट्ट सोडा, आकाशाला धरून एक्स्पोजर घ्या आणि सर्फरची काळी आकृती काढा. लाटेचा पातळ माथा सूर्यासमोर आला की आतून उजळतो, तो क्षण सूर्य पाठीशी असताना कधीच मिळत नाही.

नेमका क्षण सारखा हुकतो

बहुतेक वेळा बटण फार लवकर दाबलं जातं. सर्फर उभा राहिला की बोट दाबलेलं राहतं, रॉ फाइल्सनी बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरतो, आणि तो लाटेच्या माथ्यावर पोहोचतो तेव्हा कॅमेरा कार्डावर लिहीत बसलेला असतो. लाटेच्या पायथ्याशी सर्फर गुडघे वाकवून खोल वळला की पुढच्या एक-दीड सेकंदात तो माथ्यावर काहीतरी करणार, हे नक्की. पायथ्याचं वळण एक-दोन फोटोत आटपा आणि खरी फैर माथ्यासाठी राखून ठेवा. कार्ड वेगवान घ्या. बॉडीपेक्षा ते स्वस्त पडतं.

आणि लाट संपली म्हणून कॅमेरा खाली करू नका. २९ जुलै २०२४ ला ऑलिम्पिकमध्ये, ताहितीच्या तेआहुपोला, ब्राझीलचा सर्फर गॅब्रिएल मेडिना लाटेवरून बाहेर पडून हवेत उभा, बोट वर, शेजारी तितकाच उभा बोर्ड, हा जगभर गाजलेला फोटो एएफपी वृत्तसंस्थेच्या जेरोम ब्रुये यांनी होडीतून काढला. लाटेवरची स्वारी तोवर आटोपली होती. किनाऱ्यावरूनही असं मिळतं: बोर्ड लाथाडून मागे उडी, आरोळी, मित्राकडे टाकलेली नजर. फोकस धरून आणखी तीन सेकंद थांबायचं.

क्षितिज तिरकं येणं ही किरकोळ बाब. व्ह्यूफाइंडरमधली आडवी रेघ किंवा इलेक्ट्रॉनिक लेव्हल चालू करा. ट्रायपॉडवर असाल तर फक्त डोकं नाही, पायांचा पाया लेव्हल करा, नाहीतर मध्ये सरळ असलेलं क्षितिज कॅमेरा फिरवला की कलतं. किनाऱ्याच्या रेघेवरून सरळ-तिरकं ठरवू नका, ती तिरकीच असते.

मोबाइल असेल तर

पाचपट टेलिफोटो म्हणजे साधारण १२० मिमीच्या आसपास. १५० मीटरवर त्या फ्रेममध्ये ४५ मीटर रुंदीचा समुद्र येतो आणि सर्फर त्यात मुंगीएवढा. डिजिटल झूमने ती मुंगी फुगते, स्पष्ट होत नाही. मोबाइलने मोठा देखावा घ्या: खडक, किनाऱ्यावरची माणसं, पुढ्यात बोर्ड घेऊन पाण्याकडे निघालेला कुणी, आणि दूर लाटेवरची एक रेघ.

सगळं करूनही सॉफ्ट?

आधी अपेक्षा तपासा. वरच्याच उदाहरणात, ४०० मिमी आणि १५० मीटर, फ्रेम १३.५ मीटर रुंद असते आणि सर्फरच्या डोक्याच्या वाट्याला जेमतेम शंभर पिक्सेल येतात. २०० मिमीला पन्नास. पन्नास पिक्सेलमध्ये पापण्या दिसत नसतात, लेन्स कितीही चांगली असो. तिथे जवळ जाणं किंवा लांब लेन्स हाच मार्ग, आणि इथे ६०० घ्यायला मी नको म्हणणार नाही.

अपेक्षा योग्य असूनही शंका असेल तर लेन्सची चाचणी समुद्रापासून दूर, थंड सकाळी घ्या. पंचवीस-तीस मीटरवर विटांची भिंत, भक्कम ट्रायपॉड, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, एफ/८. आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून हाताने फोकस करा, मग ऑटोफोकसने. हाताने शार्प आणि ऑटोने सॉफ्ट आलं, आणि कॅमेरा डीएसएलआर असेल, तर फोकस पुढेमागे पडतोय. मेन्यूतल्या फाइन ट्यूनने तो जुळवता येतो. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जात असल्याने हा दोष सहसा येत नाही. दोन्ही सॉफ्ट असतील तर फिल्टर आणि कन्व्हर्टर काढून पुन्हा घ्या. आणि भिंतीची एक बाजू शार्प, दुसरी विरघळलेली असं प्रत्येक फोटोत दिसलं तर आतली एखादी काच जागेवरून सरकलीय, बहुधा कधीतरी आपटल्यामुळे. ती घरी उघडू नका, सर्व्हिस सेंटरला द्या आणि भिंतीचे हे फोटो सोबत जोडा.